वैद्यबुवांचे ट्रिगर

नवऱ्याच्या त्या खेळाला ती सवत म्हणायची. चारचौघांत म्हणायची, त्याच्या तोंडावर म्हणायची. "जा, वाट बघत असेल ती तुमची," असं म्हणून त्याच्या पुढचं ताट उचलायची. सवत निदान दिसायला तरी बरी असती. हिच्यात ना चित्र, ना रंग, ना गाणं. काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या ओळी. 'तुम्ही गुहेत आहात. उत्तरेला पाण्याचा आवाज येतो.' मग नवऱ्याने टाइप करायचं, 'उत्तर'. की पुढची ओळ. कुठे कुठे आपापल्या घरी बसलेली माणसं त्याच गुहेत त्याच्याबरोबर चालायची, ओळींतून बोलायची, ओळींतून मारामाऱ्या करायची. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीसने माखलेला माणूस जेवण झालं की त्या ओळींत शिरायचा आणि हाक मारली तरी बाहेर यायचा नाही.

तिथे तो वैद्य होता. लढाईत कोणी जखमी झालं की 'उपचार' असं लिहायचं, पुढे त्याचं नाव लिहायचं, की तो बरा. हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. तिथली माणसं त्याला वैद्यबुवा म्हणायची. घरात डोकेदुखीची गोळी कुठल्या डब्यात असते हे वैद्यबुवांना माहीत नव्हतं.

मग झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. डोकं शाबूत. समजायचं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत यायचे नाहीत. राहिला एकच शब्द, 'बरं'. भूक लागली तरी बरं, पाठ खाजली तरी बरं, संताप आला तरी दात खाऊन बरं. ती त्या एका शब्दाच्या सुरावरून ओळखायची, कधी बरोबर, कधी चूक.

आजारी माणसाच्या घरी लोक का येतात हे एकदा कोणीतरी खरं सांगून टाकावं. बघायला येतात. आपलं तसं झालेलं नाही याची खात्री करून घ्यायला येतात. येताना फळं आणतात, जाताना सल्ला ठेवून जातात, आणि फळं निदान संपतात. धाकटा दीर त्यातलाच. नवऱ्याच्या पुढ्यात बसून, जणू तो कपाट असावा तसं त्याच्या डोक्यावरून बोलायचा.

"वहिनी, तो कॉम्प्युटर काढून टाका आता. पलंग सरळ लागेल. त्याला काय उपयोग त्याचा?"

नवरा मुका झाला होता, बहिरा नाही. त्याने डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि म्हणाला, "बरं." असं 'बरं' तिने आधी ऐकलं नव्हतं. दिराला तिने चहासुद्धा न विचारता दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन कॉम्प्युटर सुरू केला. सवतीचं तोंड तिने स्वतःच्या हाताने उघडलं.

पडद्यावर ओळींची रीघ लागली. घुबड विचारत होता, दगड विचारत होता, खारूताई विचारत होती. 'वैद्यबुवा, कुठे गडप झालात?' 'आहात का?' तिथे सगळ्यांना असलीच नावं. नवऱ्याने डावं बोट उचललं, एक अक्षर शोधलं, दुसरं शोधलं, चुकलं, पुसलं. तोवर लोकांचं बोलणं वर सरकून दिसेनासं झालं. तेव्हा तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि लिहिलं, 'मी त्यांची बायको. त्यांना झटका आला. एक हात चालतो. बोलता येत नाही.'

 मग खारूताईची ओळ आली. 'वहिनी, त्यांना वाचता येतं ना? मग पुढचं मी बघते. तुम्हाला ट्रिगर शिकवते.'

ही खारूताई कोण, कुठली, केवढी, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. पण ज्या बाईने तिला रोज संध्याकाळी, न कंटाळता, ओळीओळीने शिकवलं, तिच्याएवढं धीराचं माणूस तिने रक्ताच्या नात्यात पाहिलं नव्हतं. डॉक्टर रिपोर्टकडे बघून बोलायचा. ऑफिसातला बाबू खिडकीतून कागद ढकलायचा. ही न दिसणारी बाई मात्र विचारायची, 'समजलं का? नाही समजलं तर माझं सांगणं चुकलं. परत सांगते.'

ट्रिगर म्हणजे काय, ते असं. प्रोग्रॅममध्ये दोन खाने. डाव्या खान्यात लिहायचं, पडद्यावर कुठली ओळ आली की. उजव्या खान्यात लिहायचं, आपल्या वतीने कुठली आज्ञा जाऊ दे. डावीकडे 'घुबड जखमी झाला', उजवीकडे 'उपचार घुबड'. ओळ आली की मशीन आपणच आज्ञा पाठवतं, बोट उचलायला नको. आणि प्रत्येकाचं नाव वेगवेगळं लिहायला नको म्हणून नावाच्या जागी फुली टाकायची. फुलीत कोणीही बसतं.

ती एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. मळक्या चादरी निवडायच्या. चहाचा डाग दिसला की निळ्या टोपलीत, रक्ताचा दिसला की गार पाण्याच्या हौदात, फाटकी निघाली की शिवणवाल्या बाईकडे. डोळ्याने पाहिलं की हात आपोआप जातो. तिने खारूताईला लिहिलं, 'म्हणजे हे चादरी निवडणंच आहे.' खारूताई म्हणाली, 'मी इतकी वर्षं हे करते, पण इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.'

पहिला ट्रिगर तिने मोठ्या हौसेने लावला. डाव्या खान्यात नुसतं 'फुली जखमी', उजवीकडे 'उपचार' आणि तीच फुली. मंडळी शिकारीला निघायच्या आधी गावच्या चौकात जमली होती. घुबडाला नेहमीप्रमाणे चेष्टा सुचली. तो म्हणाला, 'काल सासुरवाडीला गेलो होतो, मनाने घुबड जखमी.' लगेच वैद्यबुवांनी त्याच्यावर उपचार केला. दगड म्हणाला, 'माझा कुत्रा जखमी.' वैद्यबुवा कुत्र्यावर उपचार करायला गेले, कुत्रा सापडेना, परत गेले, परत सापडेना. मग सगळा चौकच सुटला. 'माझी चप्पल जखमी.' 'शेजारीण जखमी.' वैद्यबुवांची सगळी शक्ती चौकातच संपली आणि ते फतकल मारून खाली बसले, असं पडद्यावर आलं.

ती घाबरून बटणं शोधत होती. तेवढ्यात मागून आवाज आला. नवरा हसत होता. अर्धं तोंड हलत होतं, अर्धं नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटक्यानंतर पहिल्यांदाच. "बरं," तो म्हणाला, "बरं, बरं." तिने त्या चौकातल्या सगळ्या टवाळांना मनातल्या मनात हात जोडले. महिनोन्महिने व्यायामवाल्याने ओढून, नातेवाइकांनी धीर देऊन जे झालं नाही, ते एका जखमी चपलेने केलं.

खारूताईने मग चूक सुधारून दिली. माणसांचं बोलणं आणि खेळाची स्वतःची ओळ यांत फरक करायचा, बोलण्याला मशीनने भुलायचं नाही. आणि एक नियम समजावला. ट्रिगर चालतात, पण माणूस पडद्यासमोर बसलेला पाहिजे. मशीन लावून उठून गेलेला सापडला तर पहारेकरी, म्हणजे खेळ सांभाळणारा माणूस, ते पात्र कायमचं पुसून टाकतो. परत मिळत नाही.

"आमचे कुठे उठून जातायत," ती पडद्याकडे बघून म्हणाली.

त्यानंतर तिच्या अंगातच आलं. लाँड्रीतून आली की पदर खोचून ट्रिगर लावायला बसायची. जखमेला उपचार. विष लागलं की उतारा. भूक लागली की भाकरी. कोणी मेला की संजीवनी. मंडळी पुढे चालली की त्यांच्या मागोमाग चाल. सगळं आपोआप. वैद्यबुवांचा हात पापणी लवायच्या आत फिरायला लागला. मंडळी वाखाणायची. फक्त बोलण्याची अडचण होती. मंडळी अधूनमधून विचारायची, 'वैद्यबुवा, आहात का?' याचं उत्तर शोधत बोट फिरेस्तोवर त्यांचा जीव टांगणीला लागायचा, की परत झटका आला की काय. म्हणून तिने त्यालाही ट्रिगर लावला. बोलण्याला भुलायचं नाही हा खारूताईचा नियम तिने एवढ्यापुरता सोडला. डावीकडे 'वैद्यबुवा', मग फुली, मग 'का?'. उजवीकडे 'हो, आहे.' खारूताईला विचारलं नाही. आता तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला येतं.

नवरा समोर बसून बघायचा. नुसता बघायचा. हात मांडीवर. पडद्यावर तो धावत होता, माणसं वाचवत होता, उत्तरं देत होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला डुलकी लागायची. तिला वाटलं, समाधानाची आहे.

रविवारी सकाळी ते अंगाशी आलं. मंडळी मोठ्या गुहेत शिरली होती, धुमश्चक्री चालू होती, वैद्यबुवा सपासप उपचार करत होते. ती धुतलेल्या चादरीची घडी घालत टेबलाच्या कडेला, पडदा दिसेल अशी उभी होती. मधेच हिरव्या अक्षरांत ओळ उमटली. पहारेकरी आला होता.

'वैद्यबुवा, तुम्ही स्वतः बसलेले आहात का?'

लगेच उत्तर. 'हो, आहे.'

'वैद्यबुवा, दोन शब्द आणखी लिहाल का?'

'हो, आहे.'

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. तिला कळलं, काय होतंय ते. पण पहारेकरी मुरलेला होता. त्याने सरळ विचारलं.

'वैद्यबुवा, तुम्ही मशीन आहात का?'

'हो, आहे.'

स्वतःच्या तोंडाने कबुली. त्याच्या तोंडात ती तिने घातलेली.

पहारेकरी म्हणाला, 'बरेच दिवस तक्रारी येतायत की हा वैद्य माणसाच्या वेगाचा नाही. शेवटची संधी देतो. तुमच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय ते लिहा. थोडा वेळ थांबतो. मग पुसणार.'

पुसणार म्हणजे काय ते तिला कोणी सांगायला नको होतं. जगात एक जागा उरली होती जिथे हा माणूस कोणाचा भाऊ नव्हता, पेशंट नव्हता, कपाट नव्हता. जिथे लोक त्याच्याशी बोलायचे, त्याच्या डोक्यावरून नाही. ती जागा जाणार होती, आणि ती तिच्या हाताने जाणार होती. तिने चादर टाकली, टेबलावरून वाकली आणि कीबोर्डकडे हात नेला. खिडकीत काय होतं ते तिला पाठ होतं. पलीकडची इमारत, पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे. दोन ओळींत लिहून झालं असतं.

नवऱ्याने डावं कोपर कीबोर्डवर आडवं टाकलं.

"अहो, वेळ नाही. सरका."

"बरं," तो म्हणाला. त्याचा अर्थ होता, नाही.

"पुसून टाकतील ते. हट्ट कसला करताय?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने हात मागे घेतला. आधी त्याने माउस पकडला, डाव्या हाताने. तिचा तो 'हो, आहे' शोधला आणि काढून टाकला. मग एक बोट कीबोर्डवर उतरलं. गुहेत मारामारी थांबली होती, मंडळी भिंतीला टेकून बसली होती.

खारूताईने लिहिलं, 'पहारेकरी, जरा थांबा. त्यांचा एकच हात चालतो.'

'पकडले गेले की सगळे असंच म्हणतात,' पहारेकरी म्हणाला.

'मग मला पुसा,' घुबडाने लिहिलं. 'माझ्यावर कर्ज आहे त्यांचं. किती वेळा उठवलंय मला.'

'मलाही,' दगड म्हणाला. दगड सहसा बोलायचा नाही.

ज्यांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं ती माणसं ओळ धरून उभी राहिली होती. आणि जे फळं घेऊन आले होते त्यांतला एकही इथे नव्हता. तिला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

बोट चाललं होतं. एक अक्षर, मग थांबणं. मध्ये एक शब्द चुकला, त्याने पुसला, श्वास घेतला, परत लिहिला. कपाळावर घाम. शेवटी ओळ गेली.

'खिडकी नाही दिसत. बायको मधे.'

तिने मागे वळून पाहिलं. खिडकी तिच्या पाठीशी होती. पलीकडची इमारत, टाकी, दोरी, सगळं तिला एकटीला दिसत होतं. तो इतके दिवस तिच्याकडेच बघत बसला होता, कारण बघायला दुसरं काही तिने ठेवलंच नव्हतं.

 मग हिरवी ओळ. 'बायकोला बाजूला व्हायला सांगा.'

बोट परत उतरलं. या वेळी जरा लवकर. 'ऐकत नाही.'

मग गुहाच्या गुहा हसली. दगडसुद्धा हसला. पहारेकऱ्याने लिहिलं, 'हे मशीन लिहिणार नाही. आमच्याकडेही हेच आहे. बसा, वैद्यबुवा. वेळ लागला त्याबद्दल राग नाही. मी उगाच घाई केली, त्याबद्दल माफी.' आणि तो गेला. अधिकाराच्या खुर्चीतला माणूस माफी मागून गेला, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याचं नाव माहीत असतं तर तिने घरी जेवायला बोलावला असता.

नवऱ्याने पुन्हा माउस धरला आणि तिचे ट्रिगर एकेक करून काढायला लागला. उतारा गेला. भाकरी गेली. संजीवनी गेली. ती बघत राहिली.

"एवढा जीव काढून केलं मी," ती म्हणाली. "रात्रीचे पाय दुखत असताना केलं. तुम्हाला काही करावं लागू नये म्हणून केलं."

तो थांबला. डाव्या हाताने त्याने तिचा हात घेतला, आपल्या बोटाखाली नाही, शेजारी ठेवला, कीबोर्डच्या बाहेर. "बरं," म्हणाला. मग परत कामाला लागला. शेवटी एकच ट्रिगर ठेवला त्याने. कोणी जखमी झालं की बारीकशी घंटी वाजायची, तेवढाच. घंटी मशीनची. पुढचं त्याचं.

 मग ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आली, खिडकीकडे तोंड करून, आणि त्याचं लिहून होण्याची वाट बघून कीबोर्ड मागितला. तिने खारूताईला लिहिलं, 'तुमचे उपकार कसे फेडू? आणि मी सगळं जास्तच लावलं, ते कळलं.'

खारूताईचं उत्तर आलं. 'वहिनी, मी घरी एकटी असते. एक काळ असा होता की इथे यायचं, मरायचं आणि कॉम्प्युटर बंद करून झोपायचं, एवढंच करायचे. तुमचा नवरा दर वेळी मला उठवायचा आणि लिहायचा, उद्या या. मी दुसऱ्या दिवशी यायचे ते तेवढ्यासाठी. फेडतेय ती मी.'

तिने ते वाचलं. जी वर्षं आपल्याकडून चोरली गेली असं ती समजत होती, ती कुठे खर्च झाली ते तिला आता दिसलं. हिशेब मागायला तोंड उरलं नाही. नवऱ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "घरी कधी बोलला नाहीत हे."

"बरं," नवरा लाजून म्हणाला.

मंडळींनी मोठी गुहा सोडून दिली. 'लहान गुहेत जाऊ,' घुबड म्हणाला, 'घाई कोणाला आहे? सासुरवाडीतून थोडंच पळायचंय.' आता ती सावकाश लढतात. घंटी वाजते, बोट निघतं, मधल्या वेळात जखमी माणूस भिंतीला टेकून गप्पा मारतो. कधी बोट पोचतं, कधी नाही पोचत आणि कोणी मरतं. मेलेला म्हणतो, 'असू दे, वैद्यबुवा, सावकाश.' आणि पडून राहतो. बोट पूर्वीपेक्षा चपळ झालं आहे, पण ते कोणी मोजत नाही.

गेल्या आठवड्यात खारूताईने तिलाच खेळात ओढलं. लाँड्रीतल्या मैत्रिणीच्या मुलीचा जुना लॅपटॉप पडून होता, तो तिने मागून आणला आणि नवऱ्याच्या शेजारी मांडला. खेळाने नाव विचारलं. तिथे सगळे तिला ज्या नावाने हाक मारायचे तेच तिने लिहिलं, वहिनी. हातात लाकडी दांडका मिळाला. पहिल्याच वळणावर एक लांडगा आला आणि काय लिहायचं हे आठवेपर्यंत त्याने तिला फाडून टाकलं.

घंटी वाजली होती. शेजारचं बोट निघालंही होतं. पोचलं नाही.

'वहिनी मेल्या,' पडद्यावर आलं.

"मेले एकदाची," ती म्हणाली. "सुटलात तुम्ही."

'मी उठवू का?' खारूताईने विचारलं. तिच्याकडेही संजीवनी होती.

नवऱ्याने लिहिलं, 'थांबा.' मग तो खुर्चीत जरा पुढे सरकला, चष्मा नाकावर चढवला आणि अक्षरं शोधायला लागला. 'स' सापडला. त्यावर अनुस्वार द्यायचा राहिला, तो मागे गेला. खिडकीतून ऊन येत होतं. दोरीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिने हात मांडीवर ठेवले, पाय समोर पसरले आणि गुहेच्या थंडगार जमिनीवर निवांत मरून पडली, त्याचं लिहून होईपर्यंत.